कापडगिरणीतून अंतराळात : व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा

(द्वितीय वर्ष कला)

‘जगातील पहिली महिला अंतराळवीर कोण?’ हा प्रश्न स्पर्धापरीक्षांच्या प्रत्येक मार्गदर्शकात असतो. उत्तर एका ओळीचे, गुण एक. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा, सोव्हिएत रशिया, १९६३. आपण सर्वांनी ते पाठ केलेले आहे. परंतु ‘दुसरी कोण?’ असा प्रश्न मी कोठेही छापलेला पाहिला नाही. दुसरी होती स्वेतलाना सावित्स्काया. तीही रशियाचीच. ती अंतराळात गेली ऑगस्ट १९८२ मध्ये. म्हणजे पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे! माझे वय आज तेवढे आहे. पहिलीने जर दार उघडले होते, तर दुसरीला आत यायला एक पिढी का लागावी, या एकाच प्रश्नापायी मी हा लेख लिहावयास घेतला.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीतच संपला, त्याचे कारण पुढे येईलच. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला आकाश तसे परके नाही. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या नारायणगावच्या आसपास शेतांच्या मधोमध उभ्या आहेत. एकूण तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तेथे प्रदर्शन भरते आणि शाळाशाळांतून मुलामुलींचे जथे जातात. पण त्या तबकड्या आकाशाचे फक्त ऐकतात. तेथून कोणी वर जात नाही. वर जाणाऱ्या माणसाची निवड कशी होते, कोणाला वर घ्यायचे आणि कोणाला नाही, हे कोण ठरवते, ही गोष्ट निराळी आहे, आणि ती समजून घ्यायला तेरेश्कोव्हाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

व्हॅलेंतिनाचा जन्म ६ मार्च १९३७ चा. व्होल्गा नदीच्या मुलखातील यारोस्लाव्हल शहराजवळचे बोल्शोये मास्लेनिकोवो हे तिचे खेडे. वडील ट्रॅक्टर चालवीत. फिनलंडबरोबरच्या युद्धात ते मारले गेले, तेव्हा ती जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. पदरी तीन मुले. आईने शहर गाठले आणि ‘क्रास्नी पेरेकोप’ या कापडगिरणीत काम धरले. घरच्या ओढगस्तीमुळे व्हॅलेंतिनाने सतराव्या वर्षी दिवसाची शाळा सोडली. आधी टायरच्या कारखान्यात, मग १९५५ पासून आई आणि बहीण होत्या त्याच गिरणीत. दिवसभर यंत्रावर उभे राहायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असे करीत १९६० मध्ये तिने वस्त्रोद्योगाच्या तंत्रविद्यालयाची परीक्षा पदरात पाडून घेतली.

हे वाचताना मला ती परकी वाटेना. आपल्या दोन्ही तालुक्यांतून किती घरची माणसे मुंबईच्या गिरणगावात गेली, याची गणती नाही. वाडीतला एक गेला की पाठोपाठ चौघे जात, लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीत पंधरा जण पाळीपाळीने झोपत. माझे आजोबा त्यांपैकीच एक, साचेखात्यात होते. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे ते सुट्टीला गावी येत तेव्हा रशियातून छापून येणारी गुळगुळीत कागदाची मासिके बरोबर आणीत. वाचण्यासाठी नव्हे, पोरांच्या वह्यांना कव्हरे घालण्यासाठी. त्यांतल्याच कुठल्याशा चित्रावर बोट ठेवून त्यांनी आजीला सांगितले होते म्हणे, “ही बाई गिरणीतली हाय. आपल्यावानी.” आजीला तिचे नाव कधीच उच्चारता आले नाही. ती अजून ‘गिरणीवाली’ म्हणते. गिरणगावातही बायका काम करीत, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्यांची संख्या मोठी असे, आणि नवी यंत्रे आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडे. असो.

आता खरा प्रश्न. गिरणीतली एक कामगार मुलगी अंतराळवीर झाली ती कशी? ती वैमानिक नव्हती. पदवीधर नव्हती. उत्तर एका शब्दात सांगायचे तर : पॅराशूट!

यारोस्लाव्हलमध्ये हौशी उड्डाणमंडळ होते. तेथे हवाई छत्रीने विमानातून उडी मारायला शिकवीत. व्हॅलेंतिनाने २१ मे १९५९ रोजी पहिली उडी मारली आणि पुढे तिला त्याचा नादच लागला. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला, तेव्हा तिच्या खात्यावर अनेक उड्या जमा होत्या. गागारिननंतर काही महिन्यांतच रशियात स्त्रियांची एक तुकडी तयार करण्याचे ठरले. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख निकोलाय कामानीन यांनी त्यासाठी पाठपुरावा केला. अमेरिकेच्या आधी आपली बाई वर गेली पाहिजे, ही त्यामागची चुरस. अटी साध्या होत्या : वय तिसाच्या आत, उंची १७० सेंटिमीटरपर्यंत, वजन ७० किलोपर्यंत, आणि हवाई छत्रीच्या उड्यांचा सराव.

छत्रीचाच आग्रह का? तर यानाची रचनाच तशी होती. ‘व्होस्तोक’ यानाचा माणूस बसण्याचा भाग म्हणजे सुमारे २.३ मीटर व्यासाचा एक गोळा. तो जमिनीवर हळुवार उतरविण्याची सोय तेव्हाच्या तंत्रज्ञांकडे नव्हती. म्हणून गोळा वातावरणात शिरून सुमारे सात किलोमीटर उंचीवर आला, की झाकण उडायचे, अंतराळवीर खुर्चीसकट बाहेर फेकला जायचा, आणि मग स्वतःच्या छत्रीने वेगळा खाली यायचा. सात किलोमीटर म्हणजे एकावर एक अशी चार कळसूबाई ठेवली तरी थोडी उंची उरेलच. तेवढ्या उंचीवरून उडी मारायला धैर्य हवे आणि सवय हवी. उलट, यान ‘चालवायला’ फारसे काही लागत नसे. बहुतेक सगळे स्वयंचलित, जमिनीवरून नियंत्रित. तेव्हा निष्णात वैमानिकापेक्षा सराईत उडी मारणारी व्यक्ती तेथे जास्त कामाची होती. गिरणीतल्या मुलीला वैमानिकाचे शिक्षण कोणी दिले नसते, पण रविवारी उडी मारायची संधी तिला मिळाली होती. तीच संधी अचानक पात्रता ठरली.

आता याच काळातील अमेरिकेकडे पाहा. तेथे ‘नासा’ने १९५९ मध्ये पहिले सात अंतराळवीर निवडले. अटी अशा : अभियांत्रिकीची किंवा तत्सम पदवी, जेट विमानांचा अनुभव, दीड हजार तासांचे उड्डाण, आणि परीक्षण-वैमानिकांच्या शाळेचे प्रमाणपत्र. या अटींमध्ये ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे एक अक्षरही नव्हते. फक्त परीक्षण-वैमानिक तयार होत लष्करात, आणि लष्कर स्त्रियांना विमान चालवू देत नव्हते. झाले! दाराला कुलूप लावण्याची गरजच पडली नाही. १९६० आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील तेरा महिला वैमानिक एका खाजगी वैद्यकीय केंद्रात पुरुष अंतराळवीरांना दिलेल्यासारख्याच शारीरिक चाचण्या उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यातील जेरी कॉब हिने हा विषय अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे नेला. जुलै १९६२ मध्ये सुनावणी झाली, आणि अटी होत्या तशाच राहिल्या. उत्तीर्ण होऊनही त्या तेरांपैकी एकीलाही नासाने तेव्हा घेतले नाही.

म्हणजे एकाच काळात, एका देशाची एक अट दार उघडते आणि दुसऱ्या देशाची दुसरी अट ते बंद ठेवते. बाई तीच, तिचे बळ तेच. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटली ती ही.

१६ फेब्रुवारी १९६२ रोजी पाच जणींची निवड पक्की झाली. तेरेश्कोव्हा, तात्याना कुझ्नेत्सोव्हा, इरिना सोलोव्योव्हा, झान्ना योर्किना आणि व्हॅलेंतिना पोनोमार्योव्हा. कुझ्नेत्सोव्हा तर अवघी वीस वर्षांची होती. पोनोमार्योव्हा विमान-अभियांत्रिकी शिकलेली, वैमानिक, आणि एका मुलाची आई. अभ्यासात तिचा हात धरणारे कोणी नव्हते असे म्हणतात. तरीही उड्डाणासाठी नाव निघाले तेरेश्कोव्हाचे. कारण उघड आहे. वडील युद्धात कामी आलेले, आई गिरणी-कामगार, स्वतः गिरणी-कामगार : कामगारांच्या राज्याला जगापुढे मिरवायला याहून चांगली मुलगी कोठे मिळणार? सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना ती पसंत पडली. यात तिचा कमीपणा मी मानीत नाही. पाचजणींनी सारखेच कष्ट काढले होते, आणि गिरणीतून आलेल्या मुलीला तिच्या गरिबीचा एकदा तरी फायदा झाला, तर त्यात वाईट काय? परंतु प्रदर्शनासाठी ज्याला पुढे करतात त्याला प्रदर्शन संपल्यावर आत ठेवून देतात, हेही तितकेच खरे.

उड्डाणाची हकीकत आता सांगते. तिने आईला सांगितले होते, की मी उड्या मारण्याच्या स्पर्धेच्या सरावाला चालले आहे. लेक पृथ्वीभोवती फिरते आहे हे आईला जगाबरोबरच कळले! रेडिओवरील तिचे सांकेतिक नाव होते ‘चाइका’, म्हणजे एक समुद्रपक्षी. दोन दिवस आधी, १४ जूनला, व्हॅलेरी बिकोव्स्की ‘व्होस्तोक-५’ मधून गेलेला होता. दोन्ही याने एकदा एकमेकांपासून सुमारे पाच किलोमीटरवर आली आणि दोघांचे रेडिओवर बोलणे झाले.

यान वर ‘तरंगते’ कसे, याचा आपल्या मनात बराच घोटाळा असतो, म्हणून थोडे विषयांतर. माळ्यावरून आपण गोफणीने धोंडा भिरकावला की तो पुढेही जातो आणि खालीही येतो. जितका जोरात भिरकावू तितका लांब पडतो. समजा, दोनशे किलोमीटर उंचीवरून तो ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने भिरकावला, तर तो पडतच राहील, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनही त्याच्याखाली तितकीच वळत जाईल, आणि धोंडा जमिनीला कधी पोचणारच नाही. यान असे सतत पडत असते. विहिरीत सूर मारताना पाण्याला लागेपर्यंतचा जो एक क्षण अंगाला वजनच वाटत नाही, तो क्षण तिच्या बाबतीत जवळजवळ तीन दिवस चालला. पृथ्वीची एक फेरी साधारण ८८ मिनिटांची. मंचरहून निघालेली एसटी शिवाजीनगरला पोचेपर्यंत तिची एक प्रदक्षिणा पुरी होत असे, आणि आपल्या रस्त्यावरची गर्दी धरली तर त्याहूनही जास्त! अशा ४८ प्रदक्षिणा तिने ७० तास ५० मिनिटांत केल्या. अमेरिकेच्या सर्व अंतराळवीरांनी तोवर अंतराळात घालविलेला वेळ एकत्र केला तरी तो याहून कमी भरत होता.

हे तीन दिवस सुखाचे मुळीच नव्हते. ती पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली, अंगात जड पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण. पाय दुखू लागला, खांदा दुखू लागला, उलटीही झाली. दात घासायची पेस्ट दिलेली होती, पण ब्रश द्यायला विसरले होते, असे तिने पुष्कळ वर्षांनी हसत हसत सांगितले. याहून मोठी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. यान परत येताना त्याचे तोंड ज्या दिशेला वळायला हवे, त्याऐवजी भलत्याच दिशेचा हिशेब यंत्रात भरला गेला होता. तसेच राहते तर वेग कमी करणारे इंजिन पेटल्यावर यान खाली येण्याऐवजी आणखी वर गेले असते. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली, तिने जमिनीवर कळविले, तेथून नवे आकडे आले आणि ते तिने यंत्रात भरले. यानांचे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांनी तिला विनंती केली, की हे कोठे बोलू नकोस. चूक करणाऱ्याला शिक्षा होऊ नये म्हणून ती कित्येक दशके गप्प राहिली.

आणि या गप्प राहण्याचा परिणाम काय झाला? तिला उलटी झाली, काही कामे वेळेवर जमली नाहीत, ती थकली, एवढेच अधिकाऱ्यांच्या टिपणांतून मागे राहिले. बाईमाणसाला हे झेपत नाही, अशी कुजबुज पुढे वर्षानुवर्षे चालली. आता गंमत पाहा. अंतराळात सर्वांत पहिल्यांदा उलटी झाली ती घेर्मान तितोव्ह याला, ऑगस्ट १९६१ मध्ये. तो पुरुष होता, वैमानिक होता. त्याच्या उलटीवरून ‘पुरुषांना हे झेपत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला नाही. त्यांनी अंतराळात मळमळ का होते याचा अभ्यास सुरू केला! पहिल्या पुरुषाचे दुखणे हे अभ्यासाचा विषय होते आणि पहिल्या बाईचे दुखणे हा पुरावा होतो. आमच्या घरी मी पहिल्या वर्षाला एका विषयात कमी गुण मिळविले, तेव्हा बोलणे माझ्या गुणांवरून लगेच ‘पोरींच्या शिक्षणा’वर गेले होते. चुलतभाऊ दोनदा नापास झाला, तेव्हा कोणी ‘पोरांच्या शिक्षणा’विषयी बोलले नाही.

१९ जूनला ती अल्ताई प्रदेशात उतरली. छत्रीने येताना चेहऱ्याला थोडा मारही लागला. भोवती गावकरी जमले. तिने त्यांनी दिलेले खाल्ले आणि आपल्याजवळचे अंतराळातले खाणे त्यांना वाटून टाकले. तिच्या प्रकृतीचा हिशेब ठेवणारे डॉक्टर त्यामुळे रागावले. मला तिचे हे करणे फार आवडले. पंगतीला बसलेले माणूस आपल्याजवळचे झाकून कसे ठेवील?

पुढचे थोडक्यात सांगते, कारण पुढे सत्कारच जास्त आहेत. ३ नोव्हेंबर १९६३ रोजी तिचा विवाह अंतराळवीर आंद्रियान निकोलायेव्हशी झाला. त्याच महिन्यात ती भारतात येऊन गेली. जून १९६४ मध्ये मुलगी झाली. आई आणि वडील दोघेही अंतराळात जाऊन आलेले असे ते जगातील पहिले मूल. व्हॅलेंतिना १९६९ मध्ये झुकोव्स्की विमानविद्या अकादमीची अभियंता झाली, १९७७ मध्ये तिने तंत्रविज्ञानातील उच्च पदवी मिळविली. १९६८ पासून १९८७ पर्यंत ती सोव्हिएत महिला समितीची प्रमुख होती. चंद्राच्या पाठीमागील बाजूच्या एका विवराला तिचे नाव दिलेले आहे. अलीकडे ती रशियाच्या संसदेत आहे, आणि मार्च २०२० मध्ये पुतिन यांना पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहता यावे अशी घटनादुरुस्ती सुचविणारी सभासद तीच. हे मला रुचले नाही. पण तिचे चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे. सत्तेने ज्याला एकदा उंच नेले, त्याला सत्तेला नाही म्हणणे जड जात असावे.

एक गोष्ट मात्र या यादीत नाही. ती पुन्हा अंतराळात गेली नाही. बाकीच्या चौघी? सोलोव्योव्हा आणि पोनोमार्योव्हा यांना घेऊन पुढे एका उड्डाणाची आखणी झाली होती. ती रद्द झाली. चौघींनी वाट पाहिली, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तुकडीच मोडण्यात आली. १९८० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत त्यांची नावेही बाहेर आली नव्हती. ‘जगात पहिली’ हा मान मिळाला, तेथे सरकारचे काम संपले. दुसरीला पाठविण्यात कसला मान?

आणि १९८२ मध्ये सावित्स्काया गेली ती कशी? तर अमेरिकेची बाई जाणार अशी बातमी आली म्हणून! सावित्स्काया स्वतः परीक्षण-वैमानिक, विमानांच्या कसरतीत १९७० ची जगज्जेती. कर्तबगार यात शंका नाही. १९८४ मध्ये यानाबाहेर येऊन अंतराळात काम करणारी पहिली स्त्रीही तीच. पण तिचे वडील हवाई दलातील मार्शल होते. छत्री आणि उडीच्या जोरावर गिरणीतली मुलगी आत आली होती, ते छोटे दार आता राहिले नव्हते. (त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरणगावातला संप सुरू झाला आणि आमचे आजोबा कायमचे गावी परतले. याचा अंतराळाशी संबंध नाही. साल एकच म्हणून आठवले.)

अट बदलली की काय होते, याचा दाखला अमेरिकेतच आहे. १९७८ मध्ये नासाने ३५ नवे अंतराळवीर निवडले. या वेळी संशोधक, डॉक्टर यांच्यासाठी वेगळी जागा केली, त्यांना परीक्षण-वैमानिक असण्याची अट नव्हती. एका फटक्यात सहा स्त्रिया आत आल्या! त्यांतील सॅली राइड १८ जून १९८३ ला अंतराळात गेली. पंधरा-सोळा वर्षांत अमेरिकन बायका काही अधिक बळकट झाल्या नव्हत्या. कागदावरचे वाक्य तेवढे बदलले होते. पुढे याच वाटेने कर्नालची आपली कल्पना चावला गेली. तिने चंदीगडला विमान-अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत जाऊन पीएच.डी. केली, १९९४ मध्ये निवडली गेली, १९९७ मध्ये वर जाऊन आली, आणि १ फेब्रुवारी २००३ ला परतताना ‘कोलंबिया’बरोबर गेली. चीननेही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट केली. त्यांची पहिली स्त्री, ल्यू यांग, २०१२ मध्ये १६ जूनलाच, म्हणजे तेरेश्कोव्हाच्याच तारखेला गेली, आणि दुसरी, वांग यापिंग, वर्षभरात पाठोपाठ.

आपल्या मराठी मुलखातही पहिली आणि दुसरी यांचा हिशेब करून पाहावा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्याला वारल्या. त्यांच्या हातून एकाही रोग्यावर नीट उपचार व्हायला काळाने सवड दिली नाही. पाठोपाठ आठच वर्षांनी, १८९४ मध्ये, रखमाबाई विलायतेत डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरतेला व राजकोटला वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव आहे, पंडिता रमाबाईंचेही आहे. रखमाबाई मात्र पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरत्या येतात. परंतु बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसली ती दुसरी.

आता मी दहावीनंतर विज्ञान का घेतले नाही, ते सांगायचे राहिले आहे. घोड नदीच्या काठची आमची वाडी मंचरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, चोहीकडे ऊस. डिंभे धरणाचे पाणी आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. दिवेलागणीनंतर वस्तीवर एकट्या माणसाने रस्त्याने यायची सोय नाही. विज्ञानाची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात, आणि आमच्या फाट्यावर उजेडात पोचविणारी एसटी त्याआधीच निघून जाते. कला शाखेचे तास दुपारी सुटतात. म्हणून मी कला घेतली. घरात कोणी ‘मुलीने विज्ञान शिकू नये’ असे म्हटले नाही. म्हणाले ते एवढेच, “दिस असताना घरी ये, मंग काय बी शिक.” आमच्या वर्गात मुलींची गर्दी आहे आणि आम्हा सगळ्यांना काव्यशास्त्राची गोडी जन्मजात आहे असे नव्हे. प्राध्यापकांनी रागावू नये. मला आता ती गोडी लागली आहे.

धाकट्या चुलतबहिणीचा यंदा दहावीचा निकाल लागला. गणितात तिला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक गुण आहेत. तिला विज्ञानच घ्यायचे आहे. चुलती म्हणते, “येक शिकली ना घरातली, आता हिला कशाला?” मी कॉलेजात गेले याचा सगळ्यांना अभिमान आहे, पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पण तोच अभिमान आता तिच्या आड येतो आहे. आजी मात्र परवा मध्येच म्हणाली, “त्या गिरणीवालीमागं कोन गेली?” मी म्हटले, “आजी, एकोणीस वर्षं कोणीच नाही.” आजी काही बोलली नाही. चुलत्यांनी मोटारसायकलीवरून फाट्यापर्यंत आणायला जायचे का, यावर सध्या घरात बोलणे चालू आहे. प्रवेशाचा अर्ज भरायची मुदत अजून आहे.

शेवटी आपल्या देशाविषयी. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये गेले. त्यानंतर ४१ वर्षांनी, जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला गेले. ‘गगनयान’साठी निवडलेल्या चौघांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली, त्यांत शुक्लांसह चौघेही पुरुष आहेत. भेदभाव कोणी केला नाही. हवाई दलातील परीक्षण-वैमानिकांतून निवड करायची होती, आणि परीक्षण-वैमानिकांत तेव्हा स्त्री नव्हती. आपल्या हवाई दलात स्त्रियांना लढाऊ विमाने मिळाली ती २०१६ मध्ये, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांच्यापासून. लढाऊ वैमानिकापासून परीक्षण-वैमानिकापर्यंतचा रस्ता कित्येक वर्षांचा आणि शेकडो उड्डाण-तासांचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले होते, की पुढील मोहिमांत स्त्री परीक्षण-वैमानिक किंवा स्त्री शास्त्रज्ञ घेण्याचा विचार आहे. यातला ‘किंवा शास्त्रज्ञ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये झाले ते याच शब्दाने.

तोवर माणसांच्या आधी गगनयानातून पाठविण्यासाठी इस्रोने एक यंत्रमानव तयार केला आहे. जानेवारी २०२० मध्ये तो बंगळुरूला लोकांना दाखविला. त्याचे नाव व्योममित्र. चेहरा, केस, आवाज, सगळे बाईचे.